लॉरेन्झो लोरेन लँगस्ट्रॉथ

लॉरेन्झो लोरेन लँगस्ट्रॉथ (२५ डिसेंबर, १८१० – ६ ऑक्टोबर, १८९५) हे अमेरिकन धर्मोपदेशक, शिक्षक आणि मधमाशीपालक होते. सुट्या, हलविता येणाऱ्या चौकटींची व वरून उघडणारी मधपेटी त्यांनी १८५१ मध्ये योजली. या पेटीमुळे वसाहतीला इजा न करता तिच्या अंतर्भागातील प्रत्येक पोळे बाहेर काढून पाहणे आणि पुन्हा जागेवर ठेवणे शक्य झाले. नव्याने वसविलेल्या किंवा हिवाळ्यातून वाचलेल्या वसाहतींची वसंत ऋतूत जी तपासणी आज जगभरातील मधपाळ करतात, ती या पेटीमुळेच सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. लँगस्ट्रॉथ यांना अमेरिकन मधमाशीपालनाचे जनक मानले जाते. मात्र या शोधातून त्यांना आर्थिक लाभ जवळजवळ झाला नाही, आणि आयुष्याचा मोठा काळ वारंवार उद्भवणाऱ्या मानसिक आजारात गेला.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

लँगस्ट्रॉथ यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात झाला. आठ भावंडांत ते दुसरे होते. बालपणी त्यांना कीटकांचे विलक्षण आकर्षण होते. फुटपाथवर गुडघे टेकून मुंग्यांच्या हालचाली न्याहाळण्यात त्यांचा वेळ जाई. त्यामुळे विजारीचे गुडघे फाटत आणि घरी शिक्षा होई. कीटकांचे निरीक्षण हा वेळेचा अपव्यय आहे, असे त्यांच्या आईवडिलांना वाटत असल्याने या आवडीला घरातून प्रोत्साहन मिळाले नाही.

१८३१ मध्ये ते येल महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी तेथेच धर्मशास्त्राचे अध्ययन केले आणि काही काळ गणिताचे अध्यापनही केले. विद्यार्थिदशेत आणि पुढील काही वर्षांत मधमाश्यांशी त्यांचा संबंध आल्याचे दिसत नाही. १८३६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील अँडोव्हर येथील एका काँग्रिगेशनल चर्चचे धर्मोपदेशक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी न्यू हेवन येथील ॲना टकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ॲना स्वतः शिक्षिका होत्या. पतीच्या आजारपणाच्या काळात कुटुंबाचा भार बऱ्याच अंशी त्यांनीच वाहिला.

मधमाश्यांशी परिचय

१८३८ च्या उन्हाळ्यात लँगस्ट्रॉथ एका स्नेह्याच्या घरी गेले असता दिवाणखान्यातील मेजावर त्यांना काचेचे एक गोल पात्र दिसले. त्यात मधाने भरलेली पोळी होती. माश्या पाहण्यासाठी यजमानांनी त्यांना माळ्यावर नेले, आणि बालपणीची दबलेली आवड पुन्हा जागी झाली. त्याच दिवशी दोन वसाहती घेऊन ते घरी परतले. या वसाहती साध्या लाकडी खोक्यांत होत्या.

प्रकृती ठीक नसल्याने त्यांनी लवकरच धर्मोपदेशकाचे पद सोडले. पुढे अँडोव्हर येथील ॲबट अकॅडमी ही मुलींची शाळा व नंतर ग्रीनफील्ड येथील मुलींचे विद्यालय त्यांनी चालविले. १८४३ ते १८४८ या काळात ते ग्रीनफील्ड येथे पुन्हा धर्मोपदेशक होते. १८४८ मध्ये ते फिलाडेल्फियाला परतले व तेथे त्यांनी मुलींसाठी शाळा सुरू केली. या सर्व स्थलांतरांत मधमाश्या त्यांच्याबरोबर राहिल्या. प्रकृतीसाठी मोकळ्या हवेत काम करणे त्यांना हितकारक ठरत असे आणि मधमाश्यांमुळे ते आपोआप साधत असे.

तत्कालीन मधमाशीपालन

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मधमाश्या प्रामुख्याने पोकळ ओंडक्यांत, गवताच्या विणलेल्या टोपल्यांत किंवा लाकडी खोक्यांत पाळल्या जात. या सर्व प्रकारांत माश्या आपली पोळी छताला व भिंतींना चिकटवून बांधतात. त्यामुळे पोळे कापल्याशिवाय आत काय चालले आहे, हे कळण्यास मार्ग नसे. राणीमाशी जिवंत आहे का, अन्नसाठा पुरेसा आहे का, रोग किंवा कीड लागली आहे का, या प्रश्नांची उत्तरे पालकाला पेटीच्या वजनावरून, आवाजावरून व प्रवेशद्वारापाशी होणाऱ्या ये-जा वरून अंदाजाने द्यावी लागत. मध काढण्यासाठी पुष्कळ ठिकाणी गंधकाच्या धुराने संपूर्ण वसाहतच मारली जाई.

युरोपात हा अडसर दूर करण्याचे प्रयत्न झाले होते. स्वित्झर्लंडमधील अंध निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्स्वा ह्यूबर यांनी १७८९ मध्ये पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडणारी पेटी वापरून राणीमाशीच्या जीवनक्रमाचा अभ्यास केला. ती अभ्यासासाठी उत्तम होती; पण तिच्या चौकटी एकमेकींना टेकत असल्याने ती मिटताना माश्या चिरडत. सायलेशियातील धर्मगुरू योहान झिएर्झोन यांनी आडव्या पट्ट्यांवर पोळी बांधून घेण्याची पद्धत विकसित केली. तीत पोळ्यांच्या कडा भिंतींपासून कापून सोडवाव्या लागत, आणि पेटी बाजूने उघडत असल्यामुळे शेवटचे पोळे पाहण्यासाठी अगोदरची सर्व पोळी बाहेर काढावी लागत.

लँगस्ट्रॉथ यांनी ह्यूबर यांचे ग्रंथ आणि इंग्लिश वैद्य एडवर्ड बेव्हन यांचे मधमाश्यांवरील पुस्तक अभ्यासले. ह्यूबर यांच्या धर्तीची पेटी त्यांनी स्वतः बनवून पाहिली, तसेच बेव्हन यांनी वर्णिलेल्या पट्ट्यांच्या पेटीतही सुधारणा केल्या.

माशी-अंतराचा शोध

पट्ट्यांच्या पेटीचे झाकण माश्या झाडांच्या चिकापासून बनविलेल्या राळेने पट्ट्यांना घट्ट चिकटवीत. ते सोडविताना धक्के बसून माश्या चिडत. यावर उपाय म्हणून लँगस्ट्रॉथ यांनी पट्ट्या थोड्या खाली बसविल्या व झाकण आणि पट्ट्या यांच्यामध्ये सुमारे ३/८ इंच, म्हणजे जवळपास ९.५ मिलिमीटर, मोकळी जागा ठेवली. ही जागा माश्यांनी राळेने बुजविली नाही आणि तीत पोळेही बांधले नाही. त्यांनी ती ये-जा करण्याची वाट म्हणून मोकळी ठेवली. आता झाकण सहज निघू लागले. पण पोळ्यांच्या कडा भिंतींपासून कापण्याचे काम तसेच राहिले.

३० ऑक्टोबर, १८५१ रोजी फिलाडेल्फियातील आपल्या मधुवनातून घरी परतत असताना या अडचणीचे उत्तर त्यांना सुचले. जी मोकळी जागा झाकणाखाली उपयोगी ठरली, तीच भिंतींच्या बाजूने ठेवली तर पोळे भिंतीला चिकटणार नाही. त्यासाठी पट्टीला दोन बाजू व तळपट्टी जोडून पूर्ण चौकट करावी लागेल, आणि ती पेटीत चारही बाजूंनी तेवढेच अंतर राखून टांगावी लागेल. त्यांनी ही कल्पना लगेच आपल्या रोजनिशीत नोंदविली.

या मोकळ्या जागेला पुढे माशी-अंतर असे म्हटले जाऊ लागले. सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा कमी फट माश्या राळेने बुजवितात आणि सुमारे ९ मिलिमीटरपेक्षा जास्त जागा असल्यास तीत पोळ्याचे तुकडे बांधतात. या दोहोंच्या दरम्यानची जागा मोकळी राहते. हे अंतर राखणाऱ्या रचना युरोपातील काही पेट्यांत कमी-अधिक प्रमाणात आढळतात. परंतु ते जाणीवपूर्वक पेटीच्या सर्व भागांत एकसारखे वापरणे आणि वरून उघडणाऱ्या पेटीतून कोणतीही चौकट स्वतंत्रपणे उचलता येणे, हे लँगस्ट्रॉथ यांच्या रचनेचे वैशिष्ट्य होते.

हेन्री बोर्क्विन नावाचे सुतार स्वतः मधमाश्यांचे शौकीन होते. त्यांनी या नव्या पेट्या तयार करून दिल्या, आणि १८५२ च्या हंगामात लँगस्ट्रॉथ यांनी त्या प्रत्यक्ष वापरात आणल्या. ५ ऑक्टोबर, १८५२ रोजी त्यांना अमेरिकेचे ९३०० क्रमांकाचे पेटंट मिळाले.

ग्रंथलेखन

पेटंट मिळण्याच्या सुमारास प्रकृती बिघडल्यामुळे लँगस्ट्रॉथ यांना फिलाडेल्फियातील शाळा सोडावी लागली आणि ते ग्रीनफील्डला परतले. तेथे त्यांनी 'द हाइव्ह अँड द हनी-बी' हा ग्रंथ लिहिला. तो १८५३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थहॅम्प्टन येथून प्रसिद्ध झाला. हस्तलिखिताची स्वच्छ प्रत तयार करण्याच्या कामी ॲना यांचे साहाय्य झाले. मधमाश्यांचे शरीरशास्त्र, राणीचे प्रजनन, थवे वसविण्याची रीत, कीड व रोग, हिवाळ्यातील निगा अशा विषयांची मांडणी या ग्रंथात आहे. ही मांडणी लेखकाच्या स्वतःच्या निरीक्षणांवर आधारलेली असून त्यात धर्मोपदेशकाची भाषाशैलीही जाणवते. १८५७ व १८५९ मध्ये सुधारित आवृत्त्या निघाल्या. पुढे वृद्धापकाळात हे काम त्यांना झेपेनासे झाल्यावर इलिनॉय राज्यातील फ्रेंच वंशाचे मधपाळ चार्ल्स डॅडंट व त्यांच्या मुलाने १८८९ मध्ये ग्रंथाची नवी आवृत्ती सिद्ध केली. डॅडंट कुटुंबाने त्याच नावाने पुढेही नव्याने लिहिलेल्या आवृत्त्या प्रसिद्ध केल्या.

वसंतातील तपासणी

चौकटींच्या पेटीने घडविलेला बदल सर्वांत स्पष्ट दिसतो तो वसंत ऋतूतील तपासणीत. अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळा दीर्घ व कडक असतो. या काळात माश्या एकमेकींना बिलगून गोळा करून राहतात व साठविलेल्या मधावर जगतात. हिवाळा सरता सरता राणी पुन्हा अंडी घालू लागते. अळ्यांना ऊब व अन्न लागत असल्याने मधाचा खर्च झपाट्याने वाढतो, पण बाहेर फुले अद्याप थोडीच असतात. त्यामुळे थंडीतून निभावलेली वसाहत वसंताच्या तोंडावर उपासमारीने मरण्याचा धोका असतो. जुन्या खोक्यात हे संकट बहुधा वसाहत नष्ट झाल्यावरच कळत असे.

लँगस्ट्रॉथ यांच्या पद्धतीत उबदार दिवशी, माश्या बाहेर उडू लागल्यावर पेटी उघडली जाते. मध पिऊन पोट भरलेली माशी सहसा डंख करीत नाही, या गोष्टीवर त्यांचा भर होता. त्यासाठी थोडा धूर देणे किंवा साखरेचे पाणी शिंपडणे, आणि प्रत्येक हालचाल संथपणे करणे, ही रीत त्यांनी शिकविली. चौकट उचलल्यावर प्रथम मध व परागाचा साठा पाहिला जातो. त्यानंतर अंडी, अळ्या आणि कोष, म्हणजे पिलावा, तपासला जातो. राणी प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे असे नाही. घरांच्या तळाशी एकेक अंडे उभे दिसले तरी ती नुकतीच तेथे होती हे कळते. कामकरी माश्यांच्या कोषांची झाकणे जवळजवळ सपाट असतात, तर नरांची फुगीर असतात. कामकऱ्यांच्या घरांत सर्वत्र फुगीर झाकणे दिसल्यास राणी निकामी झाली आहे किंवा ती नाहीच, असे समजले जाते. अशा वसाहतीला दुसऱ्या पेटीतील अंडी असलेली चौकट देता येते. तीतील अळ्यांपासून माश्या नवी राणी घडवितात. अंड्यापासून राणी बाहेर येण्यास सुमारे १६ दिवस लागतात. वसाहत फारच दुबळी असल्यास ती राणी असलेल्या दुसऱ्या वसाहतीत मिसळली जाते.

नव्या पेटीत वसविलेल्या थव्याची तपासणी थोडी वेगळी असते. वसंताच्या उत्तरार्धात वसाहत फुटून थवा बाहेर पडतो. त्याला रिकाम्या पेटीत वसविल्यावर माश्या लगेच पोळे बांधू लागतात. ही पोळी चौकटीतच सरळ बांधली जात आहेत का, हे पहिल्या काही दिवसांत पाहणे आवश्यक असते. कारण एक पोळे दोन चौकटींना जोडून तिरपे बांधले गेले, तर चौकटी हलविता येण्याचा उपयोगच संपतो. लँगस्ट्रॉथ यांनी चौकटीच्या वरच्या पट्टीला खालून धार ठेवली होती, जेणेकरून माश्या त्या रेषेत पोळे बांधतील. थव्याबरोबर जुनी राणी असेल तर नव्या पोळ्यांत लवकरच अंडी दिसतात. नंतरच्या थव्यांत मात्र राणी कुमारी असते. मीलनासाठी उडालेली राणी परत न आल्यास वसाहत निराधार होते. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर येण्यास सुमारे २१ दिवस लागत असल्याने या काळात वृद्ध माश्या मरत जातात व नव्यांची भर पडत नाही. नवी वसाहत वाढण्यापूर्वी प्रथम घटते, ती या कारणाने. ही घट स्वाभाविक आहे की राणी नसल्यामुळे झाली आहे, याचा निवाडा चौकट उचलून पाहिल्यानेच होतो.

मेणकिड्याबाबतही लँगस्ट्रॉथ यांची भूमिका याच अनुभवातून आली होती. त्या काळी कीडरोधक म्हणून अनेक पेट्या विकल्या जात. बळकट वसाहत स्वतः किडीला हुसकावते आणि दुबळ्या किंवा राणीविहीन वसाहतीतच कीड शिरकाव करते, असे त्यांचे मत होते. पेटीची रचना कीड थांबवीत नाही. ती फक्त पालकाला दुबळेपणा वेळेवर दाखविते, अशी त्यांची आपल्या पेटीबद्दलचीही मर्यादित अपेक्षा होती.

इटालियन राणीमाश्यांचा व्यवसाय

१८५८ मध्ये लँगस्ट्रॉथ ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड या गावी स्थायिक झाले. तेथील सुमारे १० एकर जागेत त्यांनी मधमाश्यांना उपयुक्त वनस्पती लावल्या. या सुमारास युरोपातून अमेरिकेत इटालियन जातीच्या मधमाश्या आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांत लँगस्ट्रॉथ यांचे मित्र सॅम्युअल वॅग्नर यांचाही सहभाग होता. वॅग्नर झिएर्झोन यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करण्याच्या तयारीत होते. मात्र लँगस्ट्रॉथ यांची पेटी पाहिल्यावर त्यांनी तो बेत सोडला. १८६१ मध्ये त्यांनी 'अमेरिकन बी जर्नल' हे नियतकालिक सुरू केले.

इटालियन माश्या अमेरिकेत पूर्वीपासून असलेल्या काळ्या माश्यांपेक्षा शांत होत्या. लँगस्ट्रॉथ यांनी मुलगा जेम्स याच्या साहाय्याने इटालियन राण्यांची पैदास केली व त्या देशभर पाठविल्या. प्रारंभी एका राणीची किंमत २० डॉलर होती. सुट्या चौकटींशिवाय हा व्यवसाय संभवलाच नसता. कारण जुनी राणी शोधून काढणे, नवी राणी पिंजऱ्यातून वसाहतीत सोडणे आणि तिचा स्वीकार झाला की नाही हे काही दिवसांनी पाहणे, या तिन्ही गोष्टींसाठी पेटीचा अंतर्भाग उघडा करावा लागतो.

पेटंटविषयक वाद

चौकटींची पेटी बनविण्यास सोपी होती, आणि हेच तिच्या शोधकाला महागात पडले. अनेकांनी किरकोळ फेरफार करून किंवा जशीच्या तशी नक्कल करून ती विकली. लँगस्ट्रॉथ यांनी हक्कांच्या रक्षणासाठी न्यायालयाचा आश्रय घेतला. प्रतिपक्षाने युरोपातील जुन्या चौकटींचे दाखले पुढे करून त्यांच्या शोधाच्या नावीन्यावरच आक्षेप घेतला. या वादांत त्यांचा पैसा व शक्ती खर्च झाली, आणि पेटीचा प्रसार देशभर होत असतानाही तिचे उत्पन्न त्यांच्या हाती फारसे आले नाही. न्यू यॉर्क राज्यातील नामवंत मधपाळ मोझेस क्विन्बी यांनी मात्र चौकटीचे तत्त्व स्वीकारून तिचा पुरस्कार केला.

आजारपण आणि अखेरची वर्षे

तरुणपणापासून लँगस्ट्रॉथ यांना तीव्र नैराश्याचे झटके येत. ते कित्येक महिने टिकत. या अवस्थेत लेखन, पत्रव्यवहार व प्रवचने बंद पडत, इतकेच नव्हे तर मधमाश्यांचा विषयही त्यांना नकोसा होई. झटका ओसरल्यावर ते पुन्हा पूर्वीच्याच उत्साहाने कामाला लागत. पेटंटचे दावे व राण्यांचा व्यवसाय या दोहोंना या आजाराचा फटका बसला. अशा काळात मधुवनाचे काम जेम्स पाहत असे. १८७० मध्ये जेम्सचा आणि १८७३ मध्ये ॲना यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांना मोठ्या प्रमाणावर मधमाशीपालन करणे शक्य झाले नाही.

१८८७ मध्ये ते मुलीच्या कुटुंबासमवेत ओहायोतील डेटन येथे राहावयास गेले. ६ ऑक्टोबर, १८९५ रोजी, रविवारी, डेटन येथील एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये प्रवचनास प्रारंभ करीत असतानाच त्यांचे निधन झाले. त्यावेळी त्यांचे वय ८४ वर्षे होते. डेटन येथील वुडलँड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

प्रभाव आणि वारसा

लँगस्ट्रॉथ यांच्या पेटीचे पूर्ण महत्त्व तिच्या पाठोपाठ आलेल्या काही शोधांमुळे प्रत्ययास आले. १८५७ मध्ये जर्मनीतील योहानेस मेहरिंग यांनी मेणाचे पत्रे तयार केले. हे पत्रे चौकटीत बसविल्यास माश्या त्यांवर सरळ पोळे बांधतात. १८६५ मध्ये फ्रांट्स फॉन ऱ्हुश्का यांनी केंद्रोत्सारी बलावर चालणारे मधयंत्र दाखविले. त्यामुळे पोळे न मोडता मध काढता येऊ लागला व रिकामे पोळे पुन्हा पेटीत ठेवता येऊ लागले. १८७० च्या दशकात क्विन्बी यांनी भात्याचे धुराडे तयार केले. हे सर्व शोध सुट्या चौकटींच्या आधारावर उभे आहेत.

आज जगाच्या मोठ्या भागात १० चौकटींची लँगस्ट्रॉथ पेटी प्रचलित आहे. तिची मापे व घडण मूळ पेटीपेक्षा बरीच साधी झाली असली, तरी माशी-अंतराचे तत्त्व कायम आहे. भारतात युरोपीय मधमाशी (एपिस मेलिफेरा) याच धर्तीच्या पेट्यांत पाळली जाते. महाराष्ट्रात महाबळेश्वर परिसरात पाळली जाणारी सातेरी मधमाशी (एपिस सेराना) आकाराने लहान असल्याने तिच्यासाठी लहान चौकटींच्या पेट्या वापरतात. पण त्यांतही चौकटीभोवती माश्यांपुरती वाट मोकळी ठेवण्याचे तत्त्व तेच आहे.

ऑक्सफर्ड येथील लँगस्ट्रॉथ यांचे निवासस्थान मायामी विद्यापीठाच्या परिसरात जतन करण्यात आले असून त्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे.